वजन सातशे ग्रॅम

रविवारी जुन्या बाजारात एक पोतं आलं.
वर दिवाळी अंक, तळाशी पंचांगं,
मध्ये पिठाचा वास येणारी एक वही :
परग्रह मंडळ, पुणे ३०. इतिवृत्त.
अब्बांनी तागडीत टाकली. सातशे ग्रॅम.
मी म्हटलं, ही राहू द्या.

बैठक दर गुरुवारी.
गुरुवारी पेठेत वीज नसायची, गिरणी बंद,
म्हणजे जागा मोकळी.
गिरणीवाले सणस खजिनदार. होनप मास्तर सचिव.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले फिटर लीलाधर सोनकांबळे.
टेलिफोन एक्स्चेंजच्या कुमुद खरवंडीकर.
आणि कॅम्पातून सायकलवर येणारे फ्रामरोज,
ज्यांना मराठी वाचता येत नसे, म्हणून सगळं मोठ्याने वाचावं लागे.

मेणबत्तीभोवती पाच डोकी, पीठ बसून पांढरी.
"चंद्रावर असंच असेल," असं कुणीतरी म्हटल्याची नोंद आहे.
खाली वेगळ्या शाईत :
"चंद्रावर मेणबत्ती पेटणार नाही. – ली. सो."

घटना, कलम सात :
यंत्रमानवांस सभासदत्व खुले. वर्गणी निम्मी.
सूचक सोनकांबळे, अनुमोदक खरवंडीकर.
सणसांचा विरोध, कारण पाचाचे निम्मे
म्हणजे दर वेळी सुटे आणायचे कुणी.

अकरा जुलै एकोणऐंशी. विशेष सभा, पर्वतीच्या पायऱ्यांवर.
स्कायलॅब पडली नाही. (आपल्याकडे.)
चहा पाच. फ्रामरोज यांनी स्टीलचं घमेलं डोक्यावरून
शेवटपर्यंत काढलं नाही.

अंक निघायचा चाळीस प्रती, सायक्लोस्टाइल, बोटं निळी.
पत्र मात्र एकही येईना.
मग एका गुरुवारी आलं :
कु. वत्सला दिघे, मु. पो. भोर.
"पान चौदावर यानातलं इंधन संपलं.
पान सोळावर ते गुरूपर्यंत कसं गेलं?
उतारावरून?"

पुढचे अकरा महिने वही जरा वेगळी आहे.
अक्षर सुधारलेलं. सोनकांबळे दाढी करून आल्याची
उगाचच एक नोंद.
बाई दर अंकाला एक चूक काढायच्या
आणि सगळे ती चूक करून ठेवायचे, मला वाटतं, मुद्दाम.

मग सोनकांबळेंनी रजा काढली
आणि एसटीने भोरला निघाले.

त्याच गुरुवारी, घाईघाईत :
"कळविण्यास अत्यंत दुःख होते की कु. दिघे
विषमज्वराने. दोन मिनिटे उभे राहून."
सोनकांबळे गैरहजर. सणस रडले.
हे होनप मास्तरांनीच लिहिलंय आणि
"उभे" शब्दावर शाईचा मोठा डाग आहे.

नवव्या दिवशी पंधरा पैशांचं कार्ड.
शिक्का भोरचा.
"मी बरी आहे. मागच्या अंकातली चूक तशीच आहे."

पानाला टाचणीने एक चिठ्ठी लावलीय,
टाचणीचा गंज कागदभर पसरलेला :
"वत्सला दिघे म्हणजे मी. पहिल्यापासून मीच.
हे कार्ड मी लिहिलेलं नाही.
– त्र्यं. ग. होनप"

ही चिठ्ठी कुणी वाचली, वहीत कुठेच नाही.
पुढच्या बैठकीला उपस्थिती सहा.
त्याच्या पुढच्याही.
मी सगळ्यांच्या सह्या त्या कार्डाशी ताडून पाहिल्या,
सोनकांबळेंची तर तीनदा.
जुळत नाही. कुणाचीच नाही.

शेवटच्या पानांत पावती पुस्तकाचा एक तुकडा.
क्रमांक एकेचाळीस. रुपये दोन, पैसे पन्नास.
नावाच्या जागी नुसती रेघ.
मागे सणसांच्या अक्षरात :
"सुटे स्वतःच आणले. फार सज्जन."

अब्बा म्हणाले, झालं का वाचून?
फुकट नाही देणार, किलोला वीस लावतोय.

मी म्हटलं, मला निम्मे लावा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग तागडीकडे,
आणि सुटे शोधायला खिसा चाचपला.